दौंड स्टेशनवरचा लाल स्वेटर

सुनेनं लोकरीचे कपडे उन्हात टाकले की डांबरगोळ्यांचा वास सुटतो, आणि मी पन्नासेक वर्षं मागं, दौंड स्टेशनवर जाऊन उभी राहते.

वैशाखातली दुपार होती. धाकटी बहीण शांता नवऱ्याच्या बदलीमुळं शिमल्याला निघाली होती. दुकानातल्या डांबरगोळ्यांचा वास मारणारा नवा लाल स्वेटर तिनं ट्रंकेत न ठेवता अंगातच घातला होता. घाम गळत होता, पण फलाटावरच्या बायका वळून वळून बघत होत्या. मला दिलेली शिरूरला, घोडनदीच्या काठी; माझ्या वाट्याला नुसतं ऊन. मी आतून जळत होते. तरी कुरडयांचा डबा तिच्या हातात दिला.

डबा छातीशी धरून ती म्हणाली, "आक्का, तिकडं ऊनच नसतंय म्हणत्यात. मी कुरडया वाळवू कुठं?"

"ऊन घेऊन जा माझं सगळं," मी फणकाऱ्यानं म्हणाले. "स्वेटर तेवढा ठिव."

ती हसली नाही. गाडी हलली तसा तिनं खिडकीतून माझा हात धरला. भर उन्हात तिचा हात गारठलेला होता.

ती घाबरली होती, हे आता कळतं. तेव्हा वाटलं, हिला दौंडातच थंडी मिळाली.