सतरा नंबरची दुसरी मुलाखत

वसमतच्या बसस्थानकावर कँटीनच्या मागच्या भिंतीला पाठ लावून एक बाई बसायची. माझ्या प्रबंधात ती 'उत्तरदाती क्रमांक सतरा' आहे. विषय होता बेघर माणसांचं मानसिक आरोग्य. त्यावर मला पीएच.डी. मिळाली, कॉलेजात शाल मिळाली, केबिनच्या दारावरची पाटी बदलली. वाचून तुम्हाला त्या बाईची दया येईल. येऊ द्या. मला तिची दया आली नव्हती, मला ती हवी होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आमची पद्धत अशी होती: प्रत्येकाची दोनदा मुलाखत, मधे सहा महिने. तेच प्रश्न, तीच मोजपट्टी. मधल्या काळात माणूस घरी गेला, मेला किंवा कुणी रेल्वेत बसवून दिला, तर तो यादीतून बाद. माझी यादी भराभर गळत होती. मार्गदर्शक सर वैतागले होते.

"मॅडम, अजून दोघं-तिघं गळाले तर पहिल्यापासून सुरू करा. पुण्यच कमवायचं असेल तर स्टँडवर खिचडी वाटा, प्रबंध कशाला लिहिता?"

सगळा दोष त्यांच्यावर ढकलून पाहिला मी. जात नाही. कारण सतरा नंबरबद्दल मला जे माहीत होतं, ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

पहिल्या मुलाखतीत ती बाकीच्या प्रश्नांना गप्पच होती. 'कुणाला भेटावंसं वाटतं का?' एवढं विचारल्यावर मात्र म्हणाली, "याडी."

याडी म्हणजे आई. आम्हा तांड्यावरच्या लोकांच्या बोलीतला शब्द. मी तांड्यावरच जन्मले, पण शहरात आल्यापासून ती बोली घराबाहेर काढत नव्हते. पुढचं मराठीतच विचारलं. प्रश्नावली मराठीत होती, हे कारण तयारच होतं. ती आपल्या बोलीत पुटपुटत राहिली. तळ्याच्या पाळीवरचं देऊळ, देवळापुढं दोन कडुलिंबं, त्यातलं एक वीज पडून जळलेलं.

ते जळकं लिंब मी ओळखलं. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं तो तांडा. माझी मावशी तिथंच दिलेली. सुट्टीत त्याच लिंबाखाली मी खेळलेली आहे. एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत तिचा भाऊ वसमतला पोचला असता.

मी 'पत्ता' या रकान्यात लिहिलं, 'सांगता येत नाही'. 'उपचार' या रकान्यात, 'नाही'. तिचा अंगठा घेतला, पेनाचं टोपण लावलं.

कँटीनवाला कपबशा विसळत होता. "एवढं काय इचारून राहिल्या मॅडम? घर सापडलं का तिचं?"

"शोध चालू आहे."

"चालू द्या. एका जागी बसलेल्या माणसाला शोधायला येळ लागतोच."

त्याचा मला राग आला. अजून येतो. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

आधी स्वतःला सांगितलं, खात्री करून घेऊ. मग म्हटलं, अर्धा काळ तर गेलाच, आता एवढ्यासाठी काय. मधूनमधून स्टँडवर जाऊन ती जागेवर आहे ना, पाहून यायचे. बिस्किटाचा पुडा द्यायचे. तिला जागेवर ठेवण्यासाठीच द्यायचे, हेही लिहून टाकते.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मावशीच्या नातीचं लग्न निघालं. त्याच तांड्यावर. गेले. जेवायच्या पंगतीत एक म्हातारी शेजारी येऊन बसली. दोन घास खाल्ले की तिला धाप लागायची. मावशी हळूच म्हणाली, हिची लेक डोक्यानं बिघडली, सासरच्यांनी हाकलली, पाच वर्षं झाली पत्ता नाही. डॉक्टर म्हणतो हिचं आता काही खरं नाही, पण बाजाराच्या दिवशी गोरेगावला जाऊन जीपमधून उतरणाऱ्या बायांची तोंडं बघत बसते.

म्हातारीनं माझा हात धरला. आमच्या बोलीत विचारलं, तू वसमतकडं राहतीस म्हणे, माझी पोरगी कुठं दिसली का गं?

मी मराठीत म्हटलं, "न्हाई."

आमच्या बोलीत ते खोटं तोंडातून निघालं नसतं. म्हातारीनं मान हलवली आणि तिच्या पानातली जिलेबी माझ्या पानात ठेवली. मला खाता येत नाही, तू खा, म्हणाली. मी खाल्ली.

दुसऱ्या मुलाखतीची तारीख आली. बाई जागेवर होती. सगळे प्रश्न पुन्हा विचारले. 'कुणाला भेटावंसं वाटतं का?'

"याडी."

मी लिहिलं, 'इच्छा कायम'. दोन्ही उत्तरं जुळली की मोजपट्टी विश्वासार्ह ठरते. त्या दिवशी घरी येऊन मी चांगली जेवले.

तिसऱ्या दिवशी तिला घेऊन निघाले. स्टँडच्या नळावर तिचं तोंड धुतलं, माझी एक जुनी साडी नेसवली. बसमध्ये लोक लांब सरकले. मीही आमच्या दोघींच्या मधे पिशवी ठेवली. हिंगोलीहून जीपनं गोरेगाव, पुढं चालत. जळकं लिंब दिसलं तशी ती माझ्या पुढं चालायला लागली.

दारात तिचा भाऊ उभा होता. डोकं भादरलेलं. आईचं दिवसकार्य आदल्याच दिवशी झालं होतं.

बायांनी तिला धरलं, रडारड झाली. ती रडली नाही. आत गेली, आईच्या रिकाम्या बाजेपाशी खाली बसली आणि भिंतीला पाठ लावली, स्टँडवर बसायची तशीच.

आणि मी काय केलं, तर पिशवीतून कागद काढला. संमतीपत्र, नातेवाइकाच्या सहीसाठी. त्याची गरजही नव्हती, तिचा अंगठा पुरत होता. पण मला सगळं रीतसर हवं होतं. कागदावर वरच, माझ्याच अक्षरात, दोन्ही मुलाखतींच्या तारखा होत्या.

भाऊ शिकलेला होता. त्यानं सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"ही पयली तारीख कशाची?"

"पहिल्यांदा भेटले त्याची."

"म्हंजे लग्नाच्या आधीची."

मी पिशवीचा बंद आवळला.

"लग्नाला आल्त्या ना तुमी? माझ्या आईपाशी बसून जेवल्या ना?"

"व्हय."

"तिनं तुमाला इचारलं व्हतं ना?"

"व्हय."

मागून मावशी म्हणाली, "पोरीनं मुद्दाम केलं नसंल रं."

"मावशी, तुमी बोलू नगा. शिकलेली बाई हाय, तिला बोलू द्या. काहून सांगितलं न्हाई, मॅडम?"

काय सांगणार होते? मधे घरी गेली असती तर यादीतून बाद झाली असती, असं? खरं म्हणजे तेच सांगितलं. सांगताना मराठीतच सांगितलं. अंगणातल्या निम्म्या बायांना ते समजलं नाही. शेजारणीनं त्यांना आमच्या बोलीत फोडून सांगितलं.

त्यानं माझ्याकडून पेन मागून घेतलं. मला वाटलं सही करतो. त्यानं दोन तारखांच्या मधल्या जागेत आणखी एक तारीख लिहिली, आई गेली ती. ती दुसऱ्या मुलाखतीच्या नऊ दिवस आधीची होती. कागद माझ्या हातात दिला. कुणीतरी तांब्या पुढं केला होता.

"पाणी प्या अन् निघा," तो म्हणाला. "दारात आलेल्याला पाणी देतो आमी. येवढंच हाय ते."

मी प्याले आणि निघाले.

सतरा नंबर प्रबंधात आहे. दोन्ही मुलाखती पूर्ण, म्हणून ती बाद झाली नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नीतिमूल्यांच्या प्रकरणाचं खास कौतुक केलं. ते प्रकरण मी आता दरवर्षी एम.ए.च्या मुलांना शिकवते. तीन तारखांचा तो कागद मी जोडला नाही, फाडलाही नाही. कॉलेजातल्या कपाटात आहे. बाई तांड्यावरच आहे, भावानं तिचा औषधोपचार सुरू केलाय, गोळ्या घेते, असं मावशीनं एकदा फोनवर सांगितलं होतं. याडी कुठं आहे असं तिला कुणी विचारलं तर ती काय म्हणते, असं मी विचारलं.

"तुला कशाला पायजे आता ते?" मावशी म्हणाली. "कुठं लिहायचंय?"

त्यानंतर तिनं माझा फोन उचललेला नाही.