भरतीच्या प्रोग्रॅममधलं शून्य

ट्रकला दोर बांधून झाला होता. भाट्याच्या खाडीकाठी शांतारामची नवी लाकडी लाँच ओंडक्यांवर उभी होती आणि भरतीचं पाणी वीतभर कमी पडून थांबलं होतं. नारळ फुटला होता, पेढे वाटून झाले होते. लाँच काही तरंगेना.

"सर, तुमचा कागद काय म्हणतो?" शांतारामने तिसऱ्यांदा विचारलं.

कागद माझाच होता, भरतीच्या पाण्याचा छापलेला तक्ता. आयुष्यभर कॉम्प्युटर सायन्स शिकवलं आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी निवृत्त होऊन रत्नागिरीला घरी आलो. मिरजोळ्याला मित्राच्या कारखान्यातला पीसी दुपारी मोकळा असे. त्यावर मी भरती-ओहोटीचा एक प्रोग्रॅम चालवायचो. कंपन्या आपला सोर्स कोड, म्हणजे मशीनला दिलेल्या मूळ सूचना, कोणाला दाखवत नाहीत. हा प्रोग्रॅम मात्र सोर्स कोडसकट, फ्लॉपीवर, पोस्टाने फुकट फिरत होता. कोणीही वाचावा, सुधारावा आणि सुधारणा तो सांभाळणाऱ्या परदेशी गृहस्थांना पाठवावी. पटली तर ते ती सगळ्यांना देत आणि सुधारणाऱ्याचं नाव यादीत घालत. रत्नागिरीच्या आकड्यांची फाइल माझी होती. यादीत माझं नाव होतं आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

"सगळ्यांत मोठं पाणी आज, कोजागिरीलाच," मी म्हणालो. "उद्यापासून उतरतं."

"मग ओढूया आत्ताच."

मुंबईची नोकरी सोडून शांतारामने ही लाँच बांधली होती. ओढताना बुडाच्या फळ्या निखळल्या असत्या, तर सगळंच संपलं असतं. तरी माझ्या कागदावर विश्वास ठेवून तो ट्रककडे निघाला.

तेवढ्यात गणपत तांडेल दोरावर जाऊन बसले. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. ही लाँच तेच चालवणार होते.

"आज नाय. परवा आपसूक उचलंल."

"अहो, पण कागदावर..."

"कागद ऱ्हाऊ दे मास्तर. पुनवेचं पानी पुनवेला येत नाय. दोन दिस मागनं येतंय."

"का बरं?"

"लांबनं चालून येतंय ते. उशीर व्हनारच की!"

काठावरचे लोक हसले. मला हसू आलं नाही. त्यांचं वाक्य ऐकताना फाइलमधला एक रकाना डोळ्यांपुढे आला होता. त्याचा अर्थ मला लागला नव्हता, म्हणून मी तिथे शून्य टाकलं होतं. आम्हा प्रोग्रॅमर लोकांची ही जुनी खोड. प्रोग्रॅम अडत नाही, आकडे छापून येतात आणि आपण खूश.

"शांताराम, दोर सोड," मी म्हणालो. "चूक माझीच असणार."

"असणार? नक्की नाही?"

"नक्की तांडेलांना माहीत."

दुपारी मिरजोळ्याला जाऊन सोर्स कोड काढला. रकाना होता पौर्णिमा-अमावास्येनंतर खरं उधाण यायला किती उशीर लागतो, याचा. शून्याच्या जागी दोन दिवस टाकले आणि तक्ता पुन्हा छापला. सगळ्यांत मोठं पाणी परवावर सरकलं. ज्यासाठी मला मशीन लागलं, ते या माणसाने नुसतं पाण्याकडे बघून ओळखलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या पुढे पाणी वर चढत आलं. कोणी हात लावला नाही. लाँच आधी जराशी हलली, मग एका बाजूने उचलली आणि ओंडके सोडून तरंगायला लागली. शांताराम गुडघाभर पाण्यात उभा राहून रडत होता. मी हात जोडले, पाण्याला की तांडेलांना, ते आजही सांगता येणार नाही.

दुरुस्ती पोस्टाने पाठवली, माझं आणि तांडेलांचं, दोन्ही नावं घालून. काही महिन्यांनी नवी फ्लॉपी आली. सोबतच्या पत्रात गृहस्थांनी लिहिलं होतं की, तुमचं वाचून बाकीच्या फाइली तपासल्या, आणखी काही बंदरांतही तसंच शून्य सापडलं. यादीत गणपतरावांचं नाव माझ्या वर होतं. छापून त्यांना दाखवलं.

"ह्यात माजं काय?" ते म्हणाले. "इचारलं असतंत, तर आदीच सांगितलं असतं."

विचारणं, तेवढंच माझ्याकडून झालं नव्हतं. तांडेलांचं घर माझ्या घरापासून चार घरं सोडून होतं.