ड्रायव्हरमुळे गेलं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. मी तंजावरी मराठी घरातली. बाहेर सगळं तमिळमध्ये बोलते, पत्रकं तमिळमध्ये लिहिते — आणि हे मात्र मराठीत लिहायला बसले आहे. का? चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मराठी कुणी वाचत नाही म्हणून. म्हणजे भित्रेपणा अजून गेलेला नाही, हे आधीच समजून घ्या.

कोवलमला होड्या ओढून ठेवायची जागा एका रिसॉर्टने कुंपण घालून अडवली होती. आमची संघटना त्याविरुद्ध लढत होती. तिथल्या मासळीवाल्या बायकांच्या साक्षी मी रेकॉर्ड केल्या — कुणाला धक्काबुक्की, कुणाची फाडलेली जाळी. आमचा रेकॉर्डर जुनाट, फक्त जुन्या विंडोजवर चालणारा. म्हणून चेन्नईत अड्यारला असलेल्या आमच्या ऑफिसातल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन केलं होतं — कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, जुना कॉम्प्युटर. साक्षी त्यात उतरवल्या आणि रेकॉर्डर पुसून मोकळा केला.

मग एका अपडेटनंतर त्या मशीनला रेकॉर्डर दिसेना. ड्रायव्हर बिघडला होता. म्हणजे मशीनला रेकॉर्डरची ओळख पटवणारा छोटा प्रोग्रॅम. मी तो काढला, पुन्हा टाकला, दुसरा टाकला. स्क्रीनच काळी झाली. चिडून मी मशीन जुन्या स्नॅपशॉटवर, म्हणजे पूर्वी जपून ठेवलेल्या स्थितीवर, मागे नेलं. काहीतरी विचारणारी खिडकी उघडली. वाचली का मी? ‘वाचल्याशिवाय सही करू नका’ असं ठळक अक्षरांत छापणारी मी? ‘हो’ दाबलं. रेकॉर्डर लगेच दिसायला लागला. पण स्नॅपशॉट साक्षींच्या आधीचा होता. फोल्डरच नव्हता. दुसरी प्रत? ती मी कधी काढलीच नव्हती.

इथवर ही चूकच. चूक कुणाची होत नाही? पण मी चुकीबद्दल लिहीत नाहीये.

कोवलमच्या बैठकीत मी म्हटलं, “ड्रायव्हर प्रॉब्लेम, अक्का. ड्रायव्हरमुळे सगळं गेलं.”

साक्ष दिलेल्या बायकांपैकी काळियम्माअक्काने मान वळवून बाहेरच्या व्हॅनकडे पाहिलं. आमची व्हॅन सेल्वमअण्णा चालवायचा. लॅपटॉपची ने-आण तोच करायचा. आणि पूर्वी त्याने त्याच रिसॉर्टची गाडी चालवली होती.

“तरीच!” ती म्हणाली. “मासळीच्या वासाला कधी नाक मुरडलं नाही मेल्याने. तेव्हाच ओळखायला हवं होतं!”

बायका हसल्या. मग हसणं थांबलं. मी थिजले — एका शब्दासरशी एक माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत चोर झाला! ‘तो ड्रायव्हर नव्हे’ — एवढंच म्हणायचं होतं. चौकात माइकशिवाय चालणारी माझी जीभ हलली नाही. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं. हायसं! त्याचा धक्का मला अजून बसतो.

सेल्वमअण्णाला आत बोलावलं. तो फक्त माझ्याकडे बघत होता. “तंगच्ची, तू तरी सांग यांना.” तंगच्ची — धाकटी बहीण, असंच तो मला पहिल्यापासून म्हणायचा.

मी म्हटलं, “बघू, अण्णा.”

घाबरून गप्प बसले, असं इथवर म्हणता येईल. पण नंतरचं पत्रक? ते मी चहा पीत, शांत डोक्याने लिहिलं — ‘घरातला फितूर ओळखा’. नाव घातलं नाही. घालायची गरज कुठे होती? न्याय, सत्य, विश्वासघात, सगळे शब्द होते त्यात. लोकांनी ते एकमेकांना वाचून दाखवलं. माझं इतकं गाजलेलं दुसरं पत्रक नाही.

सेल्वमअण्णाला तिथे कुणी पुन्हा गाडीवर घेतलं नाही. आता तो चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला, आवडी नावाच्या उपनगरात, कुठल्याशा कारखान्याची बस चालवतो, असं ऐकलं. त्याची बायको आता कोवलममध्येच मासे विकते. आमच्या बायका तिच्याकडून काही घेत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी तिथे गेले होते. तिने मला ओळखलं, टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं, कोळंबी दाखवली. ताजी होती.

मी तिच्या शेजारी बसलेल्या बाईकडून घेतली.