नावाच्या रकान्यात चौदा

पहाटे साडेतीनला कादिर बुरोंडकरचा दिवस सुरू व्हायचा. सौदीतल्या रास तनुराच्या उन्हाळ्यात काम पाचला लागे. त्याआधी आंघोळ, नमाज आणि हत्यारं पुसणं. दापोलीकडचा पाइप फिटर. सात वर्षं आम्ही एका खोलीत काढली. ‘चालेल’ हा शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नाही.

ती सात वर्षं ठेकेदार फ्रेंच होता. रोजच्या कागदावर ‘नोंब्र’ असा रकाना असे. नोंब्र म्हणजे संख्या. किती जोड केले ते तिथे लिहायचं.

मग काम स्पॅनिश ठेकेदाराकडे गेलं. जुन्या माणसांची एक दिवस चाचणी घेतली. पास झाला तो राहील, बाकीच्यांना खुरूज, म्हणजे कायमचं घरी. कादिरने चौदा फ्लॅंज, म्हणजे पाइपांचे बोल्टने आवळायचे जोड, पक्के केले. एवढे कुणाचेच झाले नाहीत. कागदावर तोच ओळखीचा शब्द दिसला. त्याने लिहिलं, १४.

दुसऱ्या दिवशी यादीत त्याचं नाव नव्हतं. स्पॅनिशमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ ‘नाव’ होतो. बिननावाचा कागद बाद झाला होता.

“कादिरभाई, बापाने नाव ठेवलं की नंबर?” टाइमकीपर विनोद हसला. “खलास. बॅग भरा.”

“बॅग तू भर. मी काम केलंय.”

कादिर जुना फ्रेंच कागद आणि बाद झालेला कागद घेऊन सुपरवायझरकडे गेला. मी मागोमाग. दोन्ही कागद टेबलावर ठेवून त्याने दोन्ही शब्दांवर बोट ठेवलं. बोलणं मोडक्या इंग्रजीत चाललं.

“शब्द कळला नाही की अपघात होतो,” सुपरवायझर म्हणाला.

“गोदामाला फ्रेंच मागाझँ म्हणतात, तुम्ही अल्माथेन. दोन्ही इथल्या अरबी मखझनवरून गेलेत. पाइपला ते त्युब, तुम्ही तुबो. असे चाळीस शब्द मी नुसत्या कानाने उचलले. एक चुकला. तुम्हाला आमचा एक तरी येतो?”

सुपरवायझर दोन्ही कागद पुन्हा पाहू लागला.

“चौदांतला कुठलाही फ्लॅंज उघडा. गॅस्केट केसभर सरकलेलं निघालं, तर घरी जायला पासपोर्ट मी स्वतः मागेन.”

सुपरवायझरने तीन उघडायला लावले, तेही अडचणीच्या जागचे. तिन्हींत गॅस्केटची गळती रोखणारी चकती मधोमध होती. बोल्ट सारखे आवळलेले. सुपरवायझरने पेन पुढे केलं. कादिरने पूर्ण नाव लिहिलं, पण कागद सोडला नाही.

“या शब्दाखाली इंग्रजीत ‘नेम’ लिहा. सगळ्या कागदांवर. इथे फ्रेंचांकडून आलेले आणखी तीस जण आहेत.”

“यल्ला, चल, कामावर जा.”

“आधी लिहा.”

त्याने लिहिलं.

कादिर आणखी चार वर्षं तिथे राहिला. त्या चार वर्षांच्या पगारातून त्याच्या मुलीचं, अदिबाचं, बी. फार्मसी झालं. उरलेल्यातून दापोलीच्या बाजारात तिच्या औषधाच्या दुकानाचं शटर, काउंटर आणि इन्सुलिन ठेवायचा फ्रीज आला.