पंप हळू केला आणि गवताचा वास गेला

मंडळी, आज मी चांगला चाललेला माल स्वतःच्या हाताने बिघडवला.

हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या युनिटमध्ये आम्ही अत्तरवाल्यांसाठी एक रसायन बनवतोय. त्याला ताज्या कापलेल्या गवताचा वास येतो. स्टीलच्या बारीक नळीत रिॲक्शन घडवणाऱ्या पॅलेडियम धातूचे अतिसूक्ष्म कण भरलेत. एका टोकाने कच्चा माल आणि हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या टोकाला तयार माल सतत पडत राहतो. हायड्रोजन एकदाच जोडला जायला हवा. दुसऱ्यांदा जोडला गेला की वास जातो.

सकाळपासून माल छान येत होता. जेवायला जाताना मला उगाच शंका आली, थोडा माल कच्चा राहत असेल तर? मी कच्चा माल ढकलणाऱ्या पंपाचा वेग निम्मा केला, म्हणजे माल नळीत दुप्पट वेळ राहील. आधी मोठ्या रिॲक्टरवर आठ वर्षं आम्ही हेच करायचो. शंका आली की अजून तासभर ठेवायचं.

परत आले तर आमचे ऑपरेटर सावंतकाका मालात बुडवलेली कागदाची पट्टी हुंगत उभे होते.

"मॅडम, गवत गेलं. तेलकट वास येतोय."

"काका, रिॲक्शन पूर्ण व्हावी म्हणून मीच हळू केला."

"पूर्णच झाली ना," काका म्हणाले. "आपल्याला अर्धीच हवी होती."

संध्याकाळी अत्तरवाल्यांसाठी कुरियरवाल्याला सॅम्पल दिलं ते सकाळचं, मी न सांगता काकांनी वेगळं ठेवलेलं.

नीट चाललेल्या कामाला हात न लावणं तुम्हाला कुणी शिकवलं? मला आज सावंतकाकांनी शिकवलं.