बेडकाचं पान

हे मी आजवर कुणाजवळच बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्यांच्यासोबत आमच्या दापोरा गावाहून बुऱ्हाणपूरला कॉलेजात जायचो त्या मित्रांजवळही नाही. मांजरीची तर गोष्ट, त्यात सांगण्यासारखं काय — असं मी स्वतःला इतकी वर्षं समजावत आलो. पण नुसती मांजरीची असती तर मी ती कधीच हसत हसत सांगून टाकली नसती का?

आधी एक स्पष्ट सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी. झालो, आणि त्याचा मला अभिमान आहे, आजही आहे. गावात खताच्या गोणीवर काय छापलंय, फवारणीचं औषध किती पाण्यात घालायचं, डॉक्टरनं चिठ्ठीत काय लिहिलं — लोक माझ्याकडे यायचे. "भाऊले विचारा, भाऊ शिकेल आहे." मी सांगायचो. माहीत असलेलं सांगायचो, आणि — आता लिहायलाच बसलोय तर लिहितो — माहीत नसलेलंही सांगायचो. 'मला ठाऊक नाही' हे माझ्या तोंडून निघतच नसे. ते एकदा निघालं असतं, तर माझ्यात आणि बाकीच्यांत फरक तो काय उरला असता?

डिग्री हातात येऊन काही महिनेच झाले होते. कापूस वेचून झाला होता आणि पुढच्या खोलीत छतापर्यंत रचून ठेवला होता. कापसाबरोबर उंदीर आले. ते दरवर्षीच येत. त्यासाठीच मायनं भुरी नावाची मांजर पाळली होती. माय तिला सकाळ-संध्याकाळ दुधात भाकरी कुस्करून घालायची. त्या वेळी भुरी लेकुरवाळी होती — धान्याच्या कोठीमागे जुन्या गोधडीवर तिची तीन पिल्लं होती, डोळे नुकतेच उघडलेली.

एक दिवस कपाटाचा खालचा खण उघडला, आणि डिग्रीचा कोपरा गायब. विद्यापीठाचा शिक्का होता तोच. उंदरांनी कुरतडून त्याचा भुगा केला होता. मी कागद हातात धरून ओट्यावर आलो, तर भुरी रिकाम्या वाटीशेजारी उन्हात पसरलेली. मिशांना दूध लागलेलं. मला काय झालं ते आता नीट सांगता येत नाही. राग — पण नुसता राग नव्हता. माझी एवढ्या वर्षांची मेहनत कुरतडली जात होती आणि हे जनावर आयतं खाऊन झोपलं होतं, असं वाटलं. तिला शिक्षा व्हावी असं वाटलं. हो, शिक्षाच.

मी मायला म्हणालो, हिचं खाणं बंद कर. उपाशी राहील तेव्हा उंदीर धरील.

माय ऐकेना. "लेकरंवाली आहे ते, भाऊ. तिले काहून उपाशी ठेवू?"

मी म्हणालो, पुस्तकात तसं लिहिलंय.

हे तोंडातून निघालं तेव्हाही थांबता आलं असतं. पण मायनं विचारलं — संशयानं नाही, कौतुकानं — "असं? दाखव बरं, वाच." मी आत गेलो आणि प्राणिशास्त्राचं पुस्तक आणलं. बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात, त्यामुळे आमची सगळी पुस्तकं हिंदीतली. मायला अक्षर येत नाही, पण पुस्तक हिंदीत बोलतं हे तिला माहीत होतं. म्हणून मीही हिंदीतच वाचलं. मध्येच एक पान उघडलं, ओळीखालून बोट फिरवत मोठ्यानं म्हणालो, "भरपेट बिल्ली शिकार नहीं करती. उसे भूखा रखना चाहिए."

त्या पानावर बेडकाची पचनसंस्था होती. आकृतीसकट.

माय आकृतीकडे पाहत होती. तिनं जठरावर बोट ठेवलं. "हे मांजरीचं पोट का?"

मी हो म्हणालो.

तुम्हाला वाटेल, एवढंच? नाही. त्यानंतर दहा-बारा दिवस मी पाळत ठेवली. रोज वाटी पाहायचो, कोरडी आहे ना. भुरी मायच्या पायात घोटाळायची, ओरडायची, आणि माय तोंड फिरवून चुलीत लाकडं सारत बसायची. एकदा मला तिच्या पदरात भाकरीचा तुकडा लपवलेला दिसला. मी काय म्हणालो असेन? "तुला पुस्तकापेक्षा जास्त कळतं का?" असं म्हणालो. मायनं तो तुकडा परत टोपलीत ठेवला. माझ्यासमोर. एखाद्या चोरानं ठेवावा तसा.

आधी एक पिल्लू गेलं, दोन दिवसांनी दुसरं. भुरीला दूधच उरलं नव्हतं. तिसरं तोंडात धरून ती भिंतीवरून निघून गेली, परत आली नाही. त्या सकाळी माय कोठीमागे बसून होती. तिथेच तिनं मला सांगितलं — ओरडून नाही, सहज बोलावं तसं — की भुरी तर रोजच उंदीर मारत होती. पोटभर खाऊन मारत होती. पहाटे मायच्या अंथरुणाजवळ आणून ठेवायची. मला किळस येते, म्हणून मी उठायच्या आत माय ते राखेत गुंडाळून उकिरड्यावर टाकून यायची.

म्हणजे भुरी तिचं काम करतच होती. मीच तेवढं पाहिलं नव्हतं. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? समोर माय, तिच्या हातात ती दोन मेलेली पिल्लं. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." आणि शेताकडे निघून गेलो.

आमच्याकडे मांजर मारणं मोठं पाप. सोन्याची मांजर करून दान द्यावी लागते म्हणतात. आमच्याकडे सोनं कुठलं? मायनं दूध सोडलं. तेव्हापासून तिनं दूध, दही, ताक तोंडाला लावलेलं नाही. कुणी विचारलं तर सांगायची, "माह्या हातून दोन जीव गेले." शेजारच्या काकू तिच्या तोंडावर म्हणायच्या, "बाई, लेकुरवाळीले उपाशी मारलं तुनं!" मी तिथे असायचो. बायका बोलतायत, आपण कशाला मध्ये पडा — असा चेहरा करून असायचो.

इथे थांबलो असतो तर हा कबुलीजबाब सोपा होता. तरुण होतो, राग होता, चूक झाली. पण पुढचं मी तरुणपणी केलेलं नाही.

आता आम्ही बुऱ्हाणपूरला राहतो. मी खाजगी शाळेत विज्ञान शिकवतो. माय आमच्याजवळच असते. दोन वर्षांपूर्वी मुलीनं मांजर पाळली. त्या मांजरीनं एक दिवस मुलीच्या दप्तरावरच उंदीर आणून ठेवला. मुलगी किंचाळली, बायको झाडू घेऊन धावली, आणि मायनं मांजरीला कुशीत घेऊन सगळ्यांना मागे सारलं. पुढच्या आठवड्यात मांजरीला इंजेक्शन द्यायला गुरांच्या दवाखान्यात न्यायची होती. ती फक्त मायच्याच मांडीवर बसते, म्हणून माय सोबत आली.

डॉक्टर बोलका होता. मी सहज उंदराचा विषय काढला, तर तो समजावून सांगायला लागला. शिकार मांजरीच्या अंगातच असते, तिचा भुकेशी फार संबंध नाही. पोट भरलेलं असलं तरी काही हललं की ती झेपावणारच. उंदीर आणून ठेवला तर ओरडू नका, मारू नका. तिला दुसरीकडे न्या, उंदीर कागदात धरून उचला, हात धुवा. दोरी हलवून तिच्याशी रोज खेळा, म्हणजे तिची ती हौस भागते. उंदरांचा बंदोबस्त तुम्ही करा — धान्य झाकून ठेवा, बिळं बुजवा. पण विष ठेवू नका, विष खाल्लेला उंदीर खाऊन हीच मरेल. आणि उपाशी कधीच ठेवू नका. पिल्लंवाली असेल तेव्हा तर नाहीच.

मी मान हलवत होतो. मागच्या बाकावरून मायचा आवाज आला.

"पण डाक्टरसाहेब, किताबमें तो लिखा है ना — भरपेट बिल्ली शिकार नहीं करती. उसे भूखा रखना चाहिए."

शब्दन् शब्द. इतक्या वर्षांनी.

डॉक्टर हसला. "कौनसी किताब में, माताजी?"

मायनं माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता हो त्या नजरेत. आता आपला मुलगा पुस्तकाचं नाव सांगेल, एवढीच खात्री होती. कंपाउंडरही माझ्याकडे पाहत होता. डॉक्टरला मी आत आल्या आल्याच सांगितलं होतं की मी विज्ञानाचा शिक्षक आहे.

मी म्हणालो, "इन्हें पढ़ना नहीं आता, डॉक्टरसाहब. कहीं से सुन लिया होगा."

मायनं मान खाली घातली. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "हो. माह्याच ऐकण्यात चूक झाली असन."

तिला सगळं कळलं होतं का? की माझ्यावरचा विश्वास एवढा, की तिनं खरंच स्वतःच्या कानांनाच खोटं ठरवलं? मला माहीत नाही. मी विचारलं नाही. घरी आल्यावर माय सुनेला सांगत होती — "मी अडाणी, मले उलटंच समजलं होतं." त्यानंतर तिनं मला काही वाचून दाखवायला सांगितलेलं नाही. औषधाची पट्टीसुद्धा ती नातीकडे नेते.

मी बी.एस्सी. आहे. वर्गात पोरांना सांगतो, स्वतः तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका. ज्या एका माणसाला तपासणं शक्य नव्हतं, तिला मी बेडकाचं पोट मांजरीचं म्हणून दाखवलं, आणि मग चारचौघांत म्हणालो, हिला वाचता येत नाही.

आत्ता हे लिहिताना माय दारात आली होती. कागदाकडे पाहून विचारलं, काय लिहितोस. मी म्हणालो, शाळेचं काम. तिनं दार हळूच ओढून घेतलं. बाहेर ती नातीला दबक्या आवाजात सांगते आहे, "हल्ला-गुल्ला नको करू, तुहा बाप शाळेचं लिहून राहिला."