आपांचं मागणं

"पाण्यावर मागायचं न्हाई, मास्तर. चहा आला की मागायचं."

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी, केजच्या एका बियाण्याच्या दुकानाबाहेर चपला काढता काढता आपांनी मला हे सांगितलं. दुकानात चपला काढायची काही गरज नव्हती. पण आपा देणगी मागायला गेल्या की चपला बाहेरच. ट्रॅक्टरच्या शोरूममध्येसुद्धा त्यांना अनवाणी फिरताना मी पाहिलंय. त्या दिवशी दुकानदारानं नुसतं पाणी दिलं. आपांनी ते पिलं, त्याच्या बाळंतीण सुनेची चौकशी केली, पाऊसपाण्याचं विचारलं आणि उठल्या. मी आपला आ वासून बसलेलो. एक रुपया न मागता आम्ही एसटीनं परत बीडला!

आमची संस्था बीडजवळच्या पालीला वसतिगृह चालवते. आईबाप ऊस तोडायला कारखान्यावर गेले की सहा महिने लेकरांची शाळा बुडते, ती बुडू नये म्हणून. त्याला लागणारा पैसा लोकांकडून मागून आणायचा, हे आपांचं काम आणि माझंही. दोघांच्या कार्डावर हुद्दा एकच: निधी संकलन अधिकारी. आपा माझ्याआधी सहा वर्षं तिथं होत्या. बीडातल्या एका फळवाल्याची लेक, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. अख्खी संस्था त्यांना आपा म्हणायची, देणगीदारही आपाच म्हणायचे. मला त्या मास्तर म्हणायच्या, कारण मी मागायच्या आधी भाषण ठोकायचो. शिक्षणाचं महत्त्व, समाजाचं ऋण आणि काय काय. "मास्तर, तास संपला," असं त्यांनी मला भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत म्हटलेलं आहे.

तर तो बियाण्यावाला. आपा त्याच्याकडं चारदा गेल्या आणि चारदा पाणी पिऊन आल्या. मी म्हटलं, आपा, ह्या माणसाच्या विहिरीत पाणी लई दिसतंय, बाकी काही नाही. पाचव्या खेपेला त्यानं कपबशीतून चहा मागवला. आपांनी दोन घोट घेतले आणि सरळ म्हणाल्या, "शेठ, चाळीस गाद्या लागत्यात." त्यानं गाद्या तर दिल्याच, वर स्वतःचा टेम्पो लावून पालीला पोचवल्या. ते बघून मला चेव चढला. मी एकटाच एका कापडवाल्याकडं गेलो आणि पाण्यावरच मागून बसलो. तो म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. तो महिना अजून यायचाय.

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, ज्यांना दुसऱ्याचा मूड त्याच्या आधी कळतो. संकष्टीला आपा मला लिंबागणेशला घेऊन जायच्या. दर्शनाला आलेले व्यापारी तिथं निवांत भेटतात. आता, घरी रोजे ठेवणारी ही बाई, पण चंद्रोदय किती वाजता हे तिला आमच्या आईपेक्षा नक्की ठाऊक. एकदा मी एका आडत्याला देवळाच्या पायरीवरच गाठायला निघालो, तर शर्ट धरून मला मागं ओढलं. "थांबा वो! बिचारा सकाळधरनं उपाशी हाय. उपाशी माणसाला मागू नये, त्यो देतो पण मनात शिव्या देतो." दुसऱ्या दिवशी त्याच्या आडतीवर जाऊन मागितलं. मिळालं.

हे सगळं आपा फळाच्या गाड्यावर शिकल्या होत्या. सीताफळाच्या दिवसात वडिलांबरोबर गाड्यावर उभ्या राहायच्या. "फोडून दाखवल्याबिगर सीताफळ इकायचं न्हाई," म्हणायच्या, आणि म्हणून कुठल्याही देणगीदाराला जीपमध्ये घालून पालीला आणायच्या, लेकरांच्या पंगतीत बसवायच्या. वरण पातळ असलं तरी तेच वाढायच्या. माझ्या इस्त्रीच्या शर्टावर त्यांचा भारी राग. "असलं कडक घालून मागाय जाता? लोकं म्हणतील, ह्यालाच म्हणावं देऊन जा कायतरी."

आता खरी गोष्ट सांगतो, जी सांगायला मला अजून जड जाते.

पुण्याच्या एका कंपनीकडून संस्थेला दरसाल मोठी मदत यायची. त्यासाठी अर्ज लिहावा लागतो, आणि त्यात कामावरच्या माणसांचे पगारही मागावे लागतात. म्हणजे आमच्या धंद्यात माणूस स्वतःचा पगारसुद्धा अर्ज करून आणतो. गोडगोड मजकूर मी लिहायचो, आकडे आपा भरायच्या, कारण माझी बेरीज कधी जुळत नसे. एका वर्षी आपा आजारी पडल्या आणि तो तक्ता माझ्या हाती आला. त्यात एकाखाली एक दोन ओळी होत्या. हुद्दा तोच, काम तेच. वरच्या ओळीत आपांचं नाव, खालच्या ओळीत माझं, आणि माझा पगार त्यांच्यापेक्षा नऊ हजारांनी जास्त.

मला वाटलं, चुकलंय काहीतरी. आपा कामावर आल्यावर मी तक्ता पुढं धरला. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"चुकलं कुठं? मीच तर लिवते दरसाल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तुमची जागा मीच मागून आणलीया, मास्तर. काम वाढलं, एक माणूस द्या म्हणून कंपनीला मीच सांगितलं. पैसे मंजूर झाले तवा आपले सचिव म्हणले, गडी माणूस हाय, त्याला घर चालवायचंय, कमी दिलं तर पळून जाईल."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं पळते?" म्हणाल्या, आणि हसल्या. भाऊ असले तरी त्यांची आई आणि धाकट्या बहिणीचं कॉलेज त्यांच्याच पगारावर चाललं होतं, हे मला माहीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खोटं कशाला बोलू, पगार मी घेतच राहिलो. नव्या मोटारसायकलचे हप्ते चालू होते.

बहिणीची फी वाढली तेव्हा आपांनी सचिवांकडं विषय काढायचा ठरवला. आमचे सचिव तसे सज्जन, लेकरांसाठी जीव टाकणारे. आपा दोनदा त्यांच्या खोलीत जाऊन परत आल्या. मी विचारलं, काय झालं? "पाणी आलं," म्हणाल्या. तिसऱ्या खेपेलाही पाणीच आलं, आणि त्या दिवशी आपांनी स्वतःचा नियम मोडला. पाण्यावर मागितलं. थोड्या वेळानं मला आत बोलावणं आलं.

सचिव म्हणत होते, "आपा, तुम्ही तर घरच्या. तुमचे भाऊ आहेत की."

"मास्तरला पण दोन भाऊ हायत, सर."

"अहो, ही सेवा आहे."

"सेवा तर दोघांची हाय. मग मास्तरची सेवा महाग कावून?"

मला हसू यायला लागलं होतं. तेवढ्यात सचिव माझ्याकडं वळले. "तुम्हीच सांगा हो. दोघांचं काम सारखं आहे का?"

आपा माझ्याकडं बघत होत्या. अगदी सहज, चौकशी करावी तसं. त्यांना वाटलं असणार, हा आपला माणूस, आपणच शिकवलेला. माझ्या डोक्यात तो हप्ता आला. वाटलं, सारखं करायचं म्हणून माझाच पगार खाली आणला तर? आणि मी म्हणालो, "तसं बघितलं तर सर, दोघांचं काम जरा वेगवेगळं आहे."

आपांनी त्यांच्यापुढचा न पिलेला पाण्याचा पेला माझ्याकडं सरकवला. "प्या, मास्तर. घसा वाळला असंल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी त्या लातूरच्या एका संस्थेत गेल्या. जाताना सगळ्या देणगीदारांची माहिती एका वहीत लिहून माझ्या हाती दिली: कुणाची मुलगी कुठं दिली, कुणाला साखर चालत नाही, कुणाला कधी फोन करायचा नाही. वही चांगली होती, माणूस कच्चा होता. मी जाईन तिथं पहिला प्रश्न, "आपा न्हाई आल्या?" नाही म्हटलं की पुढचं बोलणं आखडायचं. बियाण्यावाल्यानं तर विचारलं, "कावून गेल्या? काय कमी पडलं तुमच्यात?" मी पाऊसपाण्याचं काढलं. वर्षभरात देणग्या इतक्या खाली आल्या, की वसतिगृहात नवी लेकरं घ्यायची का नाही, हा प्रश्न उभा राहिला.

तेव्हा सचिवांनी मला बोलावलं. "आपांना परत आणा. तुमच्याएवढा पगार देतो म्हणावं."

मी फोन केला. आपांनी आधी माझ्या आईच्या गुडघ्याचं विचारलं, मग वसतिगृहाचं. मी निरोप सांगितला. पलीकडून खो-खो हसण्याचा आवाज आला.

"तुमच्याएवढा? मास्तर, तुमी आणता किती आन् मी आणत होते किती? मग तुमच्याएवढ्यावर कावून येऊ?"

मलाही हसू फुटलं. म्हटलं, "बरं, मग किती सांगू?"

त्या म्हणाल्या, "ते तुमी सांगा. माझं काम तुमी बघितलंय." आणि फोन ठेवला.

मी सचिवांच्या खोलीत गेलो. "काय म्हणतायत आपा?" त्यांनी विचारलं.

"माझ्यापेक्षा जास्त द्यावं लागेल, सर."

"असं त्या म्हणाल्या?"

"नाही. मी म्हणतोय. काम दोघांचं एकच होतं, आणि त्यातलं जास्त त्याच करायच्या."

सचिव म्हणाले, बघू, मीटिंगमध्ये ठेवू. मीटिंग झाली, जास्तीचा पगार मंजूरही झाला. तरी आपा आल्या नाहीत, तिकडं त्यांना नीट पगार आहे आणि आता त्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत. 'दोघांचं काम एकच आहे', एवढंच एक वाक्य होतं. सचिवांनी पहिल्यांदा विचारलं त्या दिवशी, आपा माझ्याकडं बघत असताना मी ते म्हणालो असतो, तर त्या आजही पालीला असत्या.